एका टप्प्याचा जाणता

हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला दोन स्क्रूंवर तो लटकलेला असतो. काही घरांत त्याची जागा चपलांच्या कपाटावर, काही ठिकाणी फ्रिजच्या डोक्यावर, तर काही ठिकाणी वायर जिथून आत आली त्या दारावरच. अंग पांढरं नाहीतर काळं, वजन हलकं, वर दोन किंवा चार अँटेना. पाठीला अडॅप्टरची काळी वायर, बाहेरून आलेली बारीकशी फायबर आणि चौकोनी भोकांची एक रांग, त्यातली बरीचशी रिकामीच. हात लावला तर कोमट लागतो. दिवसरात्र चालू असतो, आवाज करत नाही. दिवाळीच्या साफसफाईतही त्याच्या अंगावरची धूळ बहुधा तशीच राहते, कारण फडकं मारताना एखादी वायर निघाली तर काय घ्या, ही धास्ती घरात सगळ्यांनाच.

घरच्यांना त्याची आठवण होते ती व्हिडिओ मध्येच अडकला की. आतल्या खोलीतून हाक येते, "नेट गेलं का रे?" मग कुणीतरी उठतं, बटण बंद करतं, थोडं थांबतं, पुन्हा चालू करतं. त्याचा आणि घराचा संबंध एवढाच. राउटरशी याहून बरी ओळख असायला हवी असं मला मनापासून वाटतं. संगणकांचं जाळं कसं चालतं हे ज्याला पहिल्यापासून समजून घ्यायचं आहे, त्याने जाडजूड पुस्तक उघडण्याआधी या डब्यासमोर खुर्ची टाकून बसावं. जगभरच्या इंटरनेटमध्ये जी कामं चालतात, त्यातली बहुतेक सगळी हा एकटा, लहान प्रमाणात, आपल्या डोळ्यांसमोर करत असतो.

त्याला भिंतीवरून अलगद उतरवून उलटा धरा. पोटाशी एक स्टिकर आहे. त्यावर वायफायच्या यादीत दिसणारं नाव आहे, खाली पासवर्ड आहे, आणि 'मॅक' असं लिहून त्यापुढे बारा चिन्हांचा एक क्रमांक छापलेला आहे. ही चिन्हं शून्य ते नऊ या अंकांतली आणि ए ते एफ या अक्षरांतली. पहिली सहा कुठल्या कंपनीने हा बनवला ते सांगतात, उरलेली सहा त्या कंपनीच्या मालातला नेमका हाच नग कोणता ते. त्याच स्टिकरवर कुठेतरी आणखी एक आकडा सापडेल: १९२.१६८.१.१, किंवा त्याच्यासारखाच दुसरा. हा आयपी अॅड्रेस.

जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला अशा दोन ओळखी असतात. मॅक जन्माचा, आयपी मुक्कामाचा. तुमचा लॅपटॉप नागपूरहून पुण्याला गेला तरी त्याला कारखान्यात मिळालेला मॅक तोच राहतो. आयपी मात्र नागपूरच्या घरात वेगळा आणि पुण्याच्या ऑफिसात वेगळा. शेजारच्या शेजारी माल पोचवायचा तर मॅक पुरतो. दूर पाठवायचं तर आयपी लागतो, कारण अमुक यंत्र सध्या कुठल्या जाळ्यात बसलं आहे हे फक्त त्यावरून कळतं. हल्लीचे फोन तर माग काढला जाऊ नये म्हणून प्रत्येक वायफायला वेगळाच, स्वतः बनवलेला मॅक सांगतात. राउटरची त्याला हरकत नसते.

पाहुणे आले की त्याचं पहिलं काम सुरू होतं. भाच्याने पासवर्ड विचारला, फोन जोडला. त्या क्षणी फोनकडे या घरातला पत्ता नसतो, आणि पत्ता कोणाकडे मागायचा हेही त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "इथे पत्ते कोण देतं?" राउटर उत्तर देतो, "मी देतो. १९२.१६८.१.७ मोकळा आहे, चालेल?" फोन म्हणतो, "चालेल, तोच द्या." राउटर म्हणतो, "दिला. अमुक वेळापर्यंत तुझा." चार वाक्यांची ही बोलणी क्षणार्धात उरकतात. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि ती १९९३ पासून वापरात आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रत्येक संगणकाला हाताने पत्ता भरून द्यावा लागे, आणि चुकून दोघांना एकच पत्ता दिला गेला तर काही ना काही बंद पडे. पत्ता देताना तो फोनला आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो: घराबाहेरचं काही पाठवायचं असेल तर माझ्याकडे आण, आणि एखाद्या वेबसाइटचं नाव उलगडायचं असेल तर तेही मलाच विचार.

नाव उलगडणं म्हणजे काय, तर माणसाला नावं लक्षात राहतात आणि यंत्रांना आकडे लागतात, त्यांचा मेळ घालणं. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी त्यासाठी डीएनएस ही व्यवस्था आखली. तोवर सगळ्या यंत्रांची नावं आणि त्यांचे आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत आणि प्रत्येकाने ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवाक्याबाहेर गेली. आपला राउटर नावांचा जाणकार नाही. विचारलेलं नाव तो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएसकडे पाठवतो, आलेला आकडा फोनला देतो आणि थोडा वेळ लक्षात ठेवतो.

घरातल्या घरातही त्याला पुष्कळ काम असतं. लॅपटॉपवरून प्रिंटरला पान पाठवलं तर ते घराबाहेर जातच नाही. हवेतून राउटरकडे येतं आणि तिथूनच प्रिंटरकडे वळतं. बाहेरची लाइन तुटलेली असली तरी हे चालतं. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात आलं की नवशिक्याचे अर्धे गोंधळ संपतात. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात त्या फोन ते राउटर एवढ्याच अंतराच्या. भिंतीपलीकडे काय चाललं आहे, याबद्दल त्या रेघा काहीच सांगत नाहीत.

हवेतलं त्याचं वागणं मोठं सभ्य आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणून फोन काय, टीव्ही काय आणि हा स्वतः काय, प्रत्येकजण आधी कानोसा घेतो, कोणी बोलत असेल तर थांबतो आणि मोकळं झाल्यावरही लगेच न बोलता अंदाजाने क्षणभर आणखी थांबतो. सगळे एकाच वेळी सुटू नयेत म्हणून प्रत्येकाचा हा क्षण वेगवेगळा. शेजारच्या चार फ्लॅटचे राउटर त्याच चॅनेलवर असतील तर त्यांच्यासाठीही तो थांबतो. संध्याकाळी सगळे घरी आले की नेट हळू वाटतं, त्याचं एक कारण हे थांबणं. त्याच्याकडे बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून लांब जातो, पण त्यावर गर्दी फार, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात खरखर करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण एक-दोन भिंतींतच दमतो. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत या तिन्हींपुढे दोन्ही पट्टे हात टेकतात. म्हणून त्याला कपाटात कोंडू नये. घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर त्याला जागा द्यावी.

आता त्याचं सर्वांत नाजूक काम. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात. ते अशा खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. हे असं का करावं लागलं? आयपी अॅड्रेसची जुनी आणि आजही सर्वत्र चालणारी पद्धत ३२ बिटांची. त्यात मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. सुरुवातीला हा आकडा अफाट वाटला होता. नव्वदच्या दशकात तो पुरणार नाही हे दिसू लागलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्ते वाटून संपलेही. या टंचाईवर १९९४ मध्ये सुचवलेला तोडगा म्हणजे नॅट: अख्ख्या घराला बाहेरचा एकच पत्ता आणि आत हवी तेवढी यंत्रं.

हा तोडगा राउटर चालवतो तो सरकारी कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरसारखा. लॅपटॉपने एक पान मागवलं. पॅकेटवर पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.५ आणि पोर्ट ५२०१४ असं लिहिलेलं आहे. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावर चाललेल्या अनेक संभाषणांपैकी हे कुठलं, ते सांगणारा क्रमांक. राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, त्या जागी घराचा बाहेरचा पत्ता आणि आपल्याकडचा एखादा मोकळा पोर्ट, समजा ४१००७, लिहितो आणि रजिस्टरात ओळ घालतो: ४१००७ वर उत्तर आलं तर ते १९२.१६८.१.५ च्या ५२०१४ ला द्यायचं. त्याच क्षणी फोननेही तीच वेबसाइट मागितली तर त्याची वेगळी ओळ. उत्तरं येतात तेव्हा दोन्हींवर बाहेरचा पत्ता एकच असतो, पण पोर्ट पाहून कोणतं कोणाचं हे त्याला लगेच कळतं. घरात सगळे एकदम फोन उघडून बसले की अशा शेकडो ओळी चालू असतात. काही काळ वापर झाला नाही की तो त्या पुसून टाकतो.

या रजिस्टरामुळे एक आयता फायदाही झाला. बाहेरून एखादं पॅकेट न बोलावता आलं आणि त्याची ओळ रजिस्टरात नसली, तर ते कोणाला द्यायचं हेच ठाऊक नसल्यामुळे तो ते टाकून देतो. रात्रंदिवस जगभरातून कोणी ना कोणी आपल्या पत्त्यावर चाचपणी करत असतं, त्यातलं बरंचसं असं दारातच अडतं. गावाकडच्या घरातला कॅमेरा मुंबईत बसून सरळ पाहता येत नाही तोही याच कारणाने. आधी कॅमेऱ्याने आतून बाहेर साद घालावी लागते, किंवा राउटरला खास ओळ लिहून द्यावी लागते.

हे रजिस्टर ठेवणं त्याच्या कुळाच्या रीतीविरुद्ध आहे, म्हणून त्याच्या कुळाकडे जरा वळायला हवं. त्याचा मूळपुरुष १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाला. अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या संगणकात फेरफार करून तो बनवला होता. उंची मोठ्या फ्रिजएवढी, वजन चारशे किलोंच्या आसपास, नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर. २९ ऑक्टोबरच्या रात्री तिथल्या संगणकावरून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. एल गेलं, ओ गेलं, आणि पलीकडचा संगणक कोसळला. दुरुस्ती करून त्याच रात्री पुन्हा जोडणी झाली. आर्पानेट नावाच्या त्या जाळ्यातून पुढे इंटरनेट उभं राहिलं.

पुढची मोठी गोष्ट १९७४ ची. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळ्या तऱ्हेची जाळी एकमेकांना कशी जोडायची याचा आराखडा प्रसिद्ध केला. कान यांचा आग्रह असा होता, की दोन जाळ्यांच्या सांध्यावर बसणाऱ्या डब्याने अंगावरून गेलेल्या पॅकेटांची आठवण ठेवायची नाही. पॅकेट आलं, पत्ता वाचला, पुढे दिलं, विसरला. माल नीट पोचला की नाही, क्रम लागला की नाही, हे दोन्ही टोकांच्या संगणकांनी पाहायचं. मधल्याला काही आठवत नसेल तर तो बंद पडला तरी काही गमावत नाही. त्याच्या जागी दुसरा उभा करा, किंवा दुसऱ्या वाटेने जा. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने हाच टीसीपी-आयपी आराखडा स्वीकारला आणि आजवर तोच चालत आला आहे. आपल्या घरच्या राउटरला पत्त्यांच्या टंचाईपायी रजिस्टर सांभाळावं लागतं. १२८ बिटांचे आयपीव्ही६ पत्ते मात्र इतके विपुल आहेत, की त्यात प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. भारतात मोबाइलवरची बरीच ये-जा आता त्यावरूनच होते. त्या वाटेने जाणाऱ्या पॅकेटांचे पत्ते घरच्या राउटरला बदलावे लागत नाहीत.

पॅकेट हा शब्द वारंवार येतो आहे, तर एक पॅकेट नीट पाहू. फोनमधला तीन एमबीचा फोटो एकसंध जात नाही. त्याचे जास्तीत जास्त १५०० बाइटचे तुकडे होतात, म्हणजे सुमारे दोन हजार पॅकेटं. प्रत्येकाच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आणखी थोडी माहिती. राउटर वाचतो तो एवढा माथा. आतला मजकूर हल्ली बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, त्यामुळे पॅकेट कुठे चाललं ते त्याला कळतं, त्यात काय आहे ते कळत नाही. माथ्यावर एक लहानसा आकडा असतो, त्या पॅकेटचं उरलेलं आयुष्य. सुरुवातीला ६४ किंवा १२८. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच टाकायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. वाट चुकलेली पॅकेटं जाळ्यात कायम फिरत राहू नयेत म्हणून ही सोय.

या सोयीचा एक सुंदर उपयोग व्हॅन जेकबसन यांनी १९८७ च्या सुमारास केला. मुद्दाम एक आयुष्याचं पॅकेट सोडलं तर ते पहिल्याच राउटरपाशी संपतं आणि तो राउटर आपलं नाव कळवतो. दोन आयुष्याचं सोडलं तर दुसरा कळवतो. असं करत करत सगळी वाट उजेडात येते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'ट्रेसर्ट' ही कमांड द्या आणि पुढे मराठी विकिपीडियाचा पत्ता लिहा. स्क्रीनवर ओळी उमटू लागतात. पहिली ओळ १९२.१६८.१.१, वेळ बहुधा दोन-चार मिलिसेकंदांच्या आत. हा आपला हॉलमधला. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कंपनीचे राउटर, पत्ते बऱ्याचदा १० ने किंवा १०० ने सुरू होणारे. काही ओळींत फक्त चांदण्या, कारण काही राउटर वाटेने जाऊ देतात पण आपलं नाव सांगत नाहीत. मग एका ओळीत वेळ एकदम उडी मारतो. तिथे आपण समुद्र ओलांडलेला असतो. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचं २०१८ पासून सिंगापूरला एक केंद्र आहे आणि आपल्याकडच्या वाचकांना पानं बहुधा तिथून येतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरांच्या आत-बाहेर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाट अगदी सरळ असती तरी जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात वाट वाकडी असते म्हणून वेळ जास्त. स्क्रीनवरच्या त्या आकड्यात भूगोल दिसतो.

ही सगळी वाट आपल्या राउटरला माहीत असते का? अजिबात नाही. त्याच्याजवळच्या तक्त्यात मुख्य नोंदी दोनच: पत्ता घरातला असेल तर घरात द्या, बाकी सगळं बाहेरून आलेल्या फायबरच्या पलीकडच्याला द्या. सिंगापूर कुठल्या दिशेला आहे याची त्याला कल्पना नाही. पलीकडच्या कंपनीच्या राउटरला थोडं अधिक कळतं. मोठ्या कंपन्यांच्या सांध्यांवरचे राउटर जवळपास दहा लाख नोंदींचा तक्ता सांभाळतात. पण पॅकेट हातात आल्यावर तेही एवढंच ठरवतात, की आता हे पुढच्या कोणाकडे द्यायचं. वाटेवरचा प्रत्येकजण फक्त पुढचा टप्पा जाणतो. सगळी वाट हातात धरून बसलेलं कोणी नाही, सगळ्यांना हुकूम सोडणारं केंद्र नाही. प्रत्येकाने आपला टप्पा प्रामाणिकपणे पार पाडला, की दापोलीतून निघालेली मागणी सिंगापूरला पोचते आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत उत्तर परत येतं. या डब्याकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

ही रचना किती चिवट आहे हे २००८ मध्ये दिसलं. ३० जानेवारीला भूमध्य समुद्रात तळाशी टाकलेल्या दोन मोठ्या केबल्स तुटल्या आणि भारताचा युरोपकडचा रस्ता एकदम अरुंद झाला. इंटरनेट रांगू लागलं, पण थांबलं नाही. मोठे राउटर आपल्याला कुठले पत्ते गाठता येतात हे शेजाऱ्यांना सतत सांगत असतात. त्या भाषेचं नाव बीजीपी. एक वाट मोडल्याची बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली आणि बरीच वाहतूक उलट दिशेने, पूर्वेकडून वळवण्यात आली. तेव्हाही आपापल्या घरातल्या राउटरांनी काहीच वेगळं केलं नव्हतं. आपला एक टप्पा ते देत राहिले.

त्याने कधी हमी मात्र दिलेली नाही. जमेल तेवढं करीन, एवढाच त्याचा शब्द. एकाच वेळी फार पॅकेटं आली तर तो त्यांना रांगेत उभं करतो, आणि रांग भरली की पुढची सरळ टाकून देतो. बहुधा कोणाला कळवतही नाही. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण यामागे एक अनुभव आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात आणि तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरात, जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्यामुळे गर्दी वाढत होती, आणखी हरवत होती. त्याचा शोध घेऊन व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला, म्हणजे माल नीट पोचतो की नाही हे टोकांच्या संगणकांनी पाहण्याच्या पद्धतीला, नवं वळण लावलं: पॅकेट हरवलं तर तो गर्दीचा इशारा समजायचा आणि पाठवण्याचा वेग कमी करायचा, मोकळं वाटू लागलं की हळूहळू वाढवायचा. तेव्हापासून राउटरने पॅकेट टाकणं हीच टोकांच्या संगणकांना मिळणारी सूचना ठरली. फाइल उतरवताना टीसीपी प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतं, पोच मागतं, हरवलेलं पुन्हा मागवतं, म्हणून फाइल पूर्ण मिळते. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र सेकंदापूर्वीचा चेहरा पुन्हा मागवून उपयोग नसतो, म्हणून तिथे बहुधा यूडीपी ही हलकी पद्धत चालते. हरवलं ते हरवलं. अमेरिकेतला नातू आजीशी बोलता बोलता चौकटी-चौकटींचा होतो तेव्हा वाटेत कुठेतरी एक रांग भरलेली असते.

शेवटी त्याचे दिवे. नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे तो दिव्यांतून सांगत असतो. फायबरची जोडणी असेल तर 'पॉन' आणि 'एलओएस' हे दोन दिवे आधी पाहावेत. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून येणारा प्रकाश पोचतो आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही: रस्ता खोदताना फायबर तुटली असेल, झाडाची फांदी पडून ओढली गेली असेल, किंवा घरातच कपाट सरकवताना जास्त दुमडली असेल. त्या काचेच्या धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश जातो तो त्याच्या मधल्या ९ मायक्रॉनांतून. तीव्र वळण त्याला सोसत नाही. अशा वेळी बटण कितीही वेळा बंद-चालू केलं तरी उपयोग नाही, लाइनमन बोलवावा. दिवे ठीक असतील तर ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा आकडा टाकावा. राउटरचं पान उघडलं तर फोन ते राउटर हा टप्पा शाबूत आहे. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहावं. उत्तर आलं तर बाहेरची वाटही चालू आहे. तरीही वेबसाइट उघडत नसेल तर बहुतेक नाव उलगडण्यात अडचण आहे, डीएनएस बदलून पाहावा. टप्प्याटप्प्याने विचारत गेलं की दोष कुठे आहे ते सापडतं, आणि तक्रार नोंदवताना आपल्यालाही नेमकं बोलता येतं.

बंद-चालू करण्याने कित्येकदा खरंच काम होतं, त्यालाही कारण आहे. महिनोन्‌महिने अखंड चालून त्याची स्मृती भरते, रजिस्टरात मेलेल्या ओळी साचतात, कंपनीशी चाललेली बोलणी मध्येच अडलेली असतात. नव्याने सुरू झाला की तो पत्ता पुन्हा मागून घेतो, हवेतलं मोकळं चॅनेल पुन्हा निवडतो.

एक काम मात्र त्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही: पासवर्ड बदलणं. त्याच्या कारभाराच्या पानाचा पासवर्ड बऱ्याच घरांत कारखान्यातून आला तसाच, 'अॅडमिन' वगैरे असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने असेच ठरावीक साठेक पासवर्ड आलटून पालटून टाकून जगभरचे लाखो कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. ज्यांच्या भिंतीवरचे राउटर त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही लागला नाही, कारण घरातलं नेट तर चालूच होतं.

आपल्या स्क्रीनपासून सिंगापूरपर्यंतच्या वाटेवर दहा-वीस राउटर असतील. बाकीचे सगळे कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या कुलूपबंद खोल्यांत, आपल्या हाताबाहेरचे. आपल्या ताब्यात त्या वाटेवरचा पहिला टप्पा तेवढा आहे. त्याचे दोन्ही पासवर्ड बदलावेत, त्याला उघड्यावर हवेशीर जागा द्यावी, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं, आणि घरातल्या मुलांना त्याच्या दिव्यांचा अर्थ समजावून सांगावा. इंटरनेट आपापला टप्पा नीट सांभाळणाऱ्यांच्या भरवशावर उभं आहे, आणि त्यातला हा एक टप्पा सांभाळायची जबाबदारी आपली आहे.